पॉइंट्स विकत घेतले आणि अठरा दिवसांत रात्रीचा भाव वाढला

पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा:

"एका परदेशी हॉटेल साखळीच्या सदस्य योजनेत माझे 70,000 पॉइंट्स होते. निम्मे ऑफिसच्या दौऱ्यांतले, बाकीचे आम्ही स्वतः पैसे भरून राहिलो त्याचे. गोव्यातल्या त्यांच्या हॉटेलची एक रात्र अ‍ॅपवर 30,000 पॉइंट्सना दिसत होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला चार रात्री राहायचं ठरवून कमी पडणारे 50,000 पॉइंट्स मी त्यांच्याच सवलतीच्या विक्रीत 38,000 रुपयांना घेतले. मिस्टरांची रजा मंजूर होईपर्यंत अठरा दिवस गेले. बुकिंगला बसले तर त्याच तारखांना तीच रात्र 48,000 पॉइंट्स! क्रेडिट कार्डावर मिळालेली एक फ्री नाइट आहे, पण तिला 30,000 ची मर्यादा, त्यामुळे तीही तिथे चालेना. शिवाय मुंबईत भाच्याच्या लग्नासाठी एक रात्र आधीच पॉइंट्सवर बुक झाली होती, कन्फर्मेशनचा मेल माझ्याकडे आहे. आता हॉटेल म्हणतं, नव्या दरानं आणखी 12,000 पॉइंट्स द्या. कंपनीचं उत्तर एकच: आम्ही कधीही, पूर्वसूचना न देता बदल करू शकतो असं नियमांत लिहिलेलं आहे. खरंच काही करता येत नाही का? आणि खात्यातले पॉइंट्स आता वापरू की तसेच ठेवू?"

करता येतं, ताई. पण तुमच्या पत्रात चार वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि कायद्यापुढे त्यांचं वजन सारखं नाही. सगळ्यांची मिळून "तुम्ही दर वाढवलेत" अशी एकच तक्रार केलीत, तर कंपनी तुमच्या सर्वांत दुबळ्या मुद्द्याला उत्तर देईल आणि बाकीचे त्याच्याखाली दबून जातील. म्हणून क्रम बदलूया.

सर्वांत भक्कम मुद्दा मुंबईच्या रात्रीचा. बुकिंग झालं, पॉइंट्स वजा झाले, कन्फर्मेशन आलं, म्हणजे करार पूर्ण झाला. पूर्ण झालेल्या कराराची किंमत एका बाजूला परस्पर वाढवता येत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचा हा पायाच आहे. "दर बदलू शकतात" हे कलम पुढच्या बुकिंगसाठी असतं. मेलमध्ये "मुक्कामाच्या दिवशीचा दर लागू राहील" असं काही लिहिलेलं नाही ना, एवढं एकदा वाचून घ्या. नसेल, तर आजच हॉटेलला आणि सदस्य योजनेला एकत्र मेल करा: ठरलेल्या पॉइंट्सवरच मुक्काम द्यावा, नाही तर सेवेतील त्रुटी धरून भरपाई मागू. लग्नाच्या दिवशी काउंटरवर अडवलंच, तर तिथे भांडू नका. "निषेध नोंदवून देत आहे" असं लिहून फरक द्या, पावती घ्या. हक्क सोडल्याचा अर्थ त्यातून निघत नाही.

आता विकत घेतलेले 50,000 पॉइंट्स. माझ्या मते तुमची खरी केस इथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली "त्रुटी"ची व्याख्या, कलम 2(11), नीट वाचण्यासारखी आहे. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा तिच्यात त्रुटीच आहे. एवढ्या मोठ्या साखळीत रात्रीचे दर वाढवायचा निर्णय एका दुपारी होत नाही. मग तुमचे 38,000 रुपये घेतले त्या दिवशी तो झालेला होता का? झालेला असेल आणि तरीही अ‍ॅपवर 30,000 चा आकडा दाखवत पॉइंट्स विकले असतील, तर हा केवळ दरबदल राहत नाही. कलम 2(47) मधल्या अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा तिथे उभा राहतो. निर्णयाची तारीख तुम्हाला बाहेरून कळणार नाही, पण कलम 38(9) खाली ग्राहक आयोग कंपनीला कागदपत्रं हजर करायला सांगू शकतो. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या.

यावर कंपनीचा बचाव काय असेल तेही सांगतो, कारण तो पोकळ नाही. पूर्वी या योजनांमध्ये छापील तक्ता असायचा: अमुक वर्गाचं हॉटेल, रात्रीचे अमुक पॉइंट्स. हिल्टननं 2017 मध्ये आणि मॅरियटनं मार्च 2022 मध्ये तो ठरलेला तक्ता सोडला. दर रोख भाड्याबरोबर, हंगामाबरोबर, मागणीबरोबर हलू लागला. तुमच्या योजनेतही तक्ता नसेल, तर "30,000 हा त्या दिवसाचा भाव होता, विमानाच्या तिकिटासारखा" असं ते म्हणतील. म्हणून खरेदीच्या दिवशी योजनेत प्रसिद्ध तक्ता होता का, हे आधी तपासा. असेल तर तुमची बाजू बरीच वर येते. नसेल तर विक्रीच्या पानावर, मेलमध्ये, जाहिरातीत नेमकं काय म्हटलं होतं यावर भिस्त राहील. "एवढ्या पॉइंट्समध्ये गोव्यात इतक्या रात्री" अशी एक ओळ सापडली, तरी ती सोन्याच्या मोलाची.

त्यांचा दुसरा बचाव ठरलेला: पॉइंट्स फुकट दिलेली भेट आहेत, आणि कलम 2(42) प्रमाणे मोफत सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. विकत घेतलेल्या पॉइंट्सना हे लागूच पडत नाही, तुमच्याकडे पावती आहे. पण मुक्कामावर मिळालेल्या पॉइंट्सबद्दलही मला हे मान्य नाही, आणि इथे हिशेबनिसांचे नियम आपल्या बाजूचे आहेत. भारतात 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेलं इंड एएस 115 हे लेखामानक सांगतं की अशा पॉइंट्समधून ग्राहकाला महत्त्वाचा हक्क मिळत असेल, तर त्यानं भरलेल्या बिलाचा काही भाग त्या पॉइंट्सची किंमत म्हणून वेगळा ठेवावा आणि पॉइंट्स वापरले किंवा संपले तेव्हाच तो उत्पन्नात घ्यावा. आंतरराष्ट्रीय मानकही हेच म्हणतं. ताळेबंदात ग्राहकाचं देणं दाखवायचं आणि आयोगापुढे भेट म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र टिकू नयेत. हा मुद्दा तक्रारीत जरूर घाला.

ऑफिसच्या दौऱ्यांचे पॉइंट्स म्हणून घाबरू नका. पैसे मालकानं भरले तरी त्याच्या संमतीनं सेवा घेणारा लाभार्थी कलम 2(7) मध्ये ग्राहकच असतो. "सेवा व्यापारी हेतूनं घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असा आक्षेप आला, तर मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणातला 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. व्यवहाराचा मुख्य हेतू नफ्याशी थेट जोडलेला आहे का, ही कसोटी त्यात आहे.

तरीही प्रामाणिकपणे सांगतो: नुसते साठलेले पॉइंट्स जुन्याच दरानं वापरू द्या, ही मागणी कमजोर आहे. अमेरिकेत एका विमान कंपनीच्या सदस्यांनी आधीच कमावलेल्या माइल्सवर मागाहून घातलेल्या बंधनांविरुद्ध दावा केला. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं करारभंगाचा दावा चालवायला परवानगी दिली खरी, पण शेवटी करारातले शब्दच मोजले जाणार होते. कार्डाच्या फ्री नाइटचंही तसंच. मर्यादा आधीच लिहिलेली होती आणि ती रात्र दुसऱ्या हॉटेलात चालते. बँकेच्या जाहिरातीत त्याच गोव्याच्या हॉटेलचं नाव किंवा चित्र असेल तरच हा मुद्दा ओढा, एरवी मुदत संपायच्या आत ती वापरून टाका.

आणि ते "कधीही, काहीही" कलम? पायोनियर अर्बन प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की ग्राहकाला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता अशी एकतर्फी कलमं त्याच्यावर बंधनकारक ठरत नाहीत आणि ती करारात घालणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते प्रकरण फ्लॅटचं होतं, तत्त्व आपल्याला उपयोगी आहे. कलम 2(46) खाली "अनुचित करार" म्हणून ते कलमच रद्द करून मागता येतं, पण तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागतं. 38,000 रुपयांसाठी तो रस्ता धरू नका. जिल्हा आयोगात त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच राहा.

नियमांत परदेशातला कायदा आणि लवाद लिहिलेला असेल, तरी दार बंद होत नाही. 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत. लवादाचं कलम ग्राहक आयोगाचा अधिकार काढून घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात 2018 मध्ये मान्य केलं. तुम्ही राहता त्या पुण्यातच तक्रार करता येते, ग्राहक कायद्याचं कलम 34 तसं स्पष्ट म्हणतं. सदस्य योजना चालवणारी कंपनी, तिचं भारतातलं कार्यालय आणि संबंधित हॉटेल या सगळ्यांना विरुद्ध पक्ष करा. नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

सुरुवात कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यापासून करा. त्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यानं 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निराकरण द्यायला हवं. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीतही बोलता येतं. काही झालं नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. मागणी बेताची ठेवा: एक तर चार रात्री 30,000 च्या दरानं, नाही तर 38,000 रुपये व्याजासह परत आणि त्याशिवाय मुंबईच्या बुकिंगचा फरक, मनस्ताप, खर्च. लाखांचे आकडे लिहिले की तक्रार हलकी होते.

पुरावा आजच गोळा करा, कारण अ‍ॅपवरची पानं बदलतात. जुन्या दराचे स्क्रीनशॉट, विक्रीचा मेल, कार्डाचं स्टेटमेंट आणि खरेदीच्या तारखेला लागू असलेले नियम हवेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे या इलेक्ट्रॉनिक कागदांना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो. आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसला, तरी ते जोडाच.

राहिलेल्या पॉइंट्सचं काय, हेही तुम्ही विचारलं आहे. विकत घेतलेल्या 50,000 ना निकाल लागेपर्यंत हात लावू नका. परतावा मागताना ते खात्यात जसेच्या तसे दिसले पाहिजेत. उरलेले 70,000 मात्र अडवून ठेवू नका. नव्या दरानं गोव्याची एक रात्र त्यात बसते, ती आत्ताच घ्या, पण बुकिंगच्याच दिवशी "वाढीव दर मान्य नाही, हक्क राखून बुकिंग करत आहे" असा मेल पाठवा. मग मागणीत चार रात्रींऐवजी त्या रात्रीचे जादा 18,000 पॉइंट्स परत आणि उरलेल्या तीन रात्री 30,000 च्या दरानं असं लिहा. तक्रारीची मुदत, ग्राहक कायद्याच्या कलम 69 प्रमाणे, कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती नवा दर तुम्हाला दिसला त्या तारखेपासून मोजा.