अलाइनमेंट: संरेखन, मेळ की सांगड?

प्रश्न असा आहे: एका कंपनीच्या अहवालाचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात 'बिझनेस स्ट्रॅटेजीशी आयटी आर्किटेक्चरचं अलाइनमेंट' हा प्रयोग पानोपानी येतो, म्हणजे कंपनीचं धोरण आणि तिच्या संगणक-प्रणालींची रचना एकमेकांना जुळती असणं. अनुवादिकेने 'संरेखन' लिहिलं, ते वरिष्ठांना खटकलं. मग काय लिहावं?

खटकलं ते योग्यच. रस्ता कुठून न्यायचा किंवा मजकूर पानाच्या डाव्या कडेला लावायचा की मध्यभागी, हे सांगताना संरेखन चालतं, कारण तिथे डोळ्यांना दिसणारी रेषा असते. इथे रेषाच नाही. शिवाय संरेखन म्हटलं की एक गोष्ट पक्की ठरलेली आणि दुसरीने मुकाट्याने तिच्या ओळीत यायचं, असा भाव येतो. या विषयात तसं घडत नाही. हेंडरसन आणि वेंकटरामन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९३ साली या अलाइनमेंटचं जे प्रारूप मांडलं, ते आजही शिकवलं जातं. त्यात ओढ दोन्ही बाजूंनी आहे: कधी धोरण आधी ठरतं आणि संगणक-प्रणाली त्याप्रमाणे उभ्या राहतात, तर कधी नवं तंत्रज्ञान हाती आलं म्हणून धंद्याचं धोरणच बदलतं.

माझं मत सांगडीला. आपण 'सांगड घालणे' इतक्या सहज बोलतो की सांगड ही मुळात एक वस्तू आहे हे विसरून जातो. दोन होड्या, ओंडके किंवा वाळलेले भोपळे दोरीने एकत्र बांधले की झाली सांगड. तिच्या आधाराने माणसं पाण्यापलीकडे जात. यात मला मोलाचं वाटतं ते हे, की बांधल्यावरही प्रत्येक भोपळ्याचा आकार स्वतःचाच राहतो. ते एकमेकांत विरघळत नाहीत, पण पार होतात ते एकत्रच. आणि दोरी सैल झाली की पुन्हा आवळावी लागते.

हे किती चपखल आहे ते बँकेच्या आयएफएससी कोडात बघा. अकरा अक्षरांपैकी पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. म्हणजे बँक कोणती आणि शाखा कोणती, हे प्रणालीच्या रचनेत कोरलेलं. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या. धोरण त्या दिवशी अमलात आलं, पण त्या दोन बँकांचे जुने कोड बंद झाले १ मार्च २०२१ पासून. मधली जवळजवळ दोन वर्षं दोरी आवळण्यात गेली. नवे कोड बडोद्याच्या 'बीएआरबी'ने सुरू होतात, पण शून्यानंतर देनाच्या शाखांना 'डीबी' आणि विजयाच्या शाखांना 'व्हीजे' ही अक्षरं मिळालेली दिसतात. एका सांगडीत बांधलेले भोपळे अजून वेगळे ओळखू येतात! याला संरेखन कसं म्हणायचं?

'मेळ'ही टाकाऊ नाही, फक्त त्याची जागा वेगळी. मेळ हिशेबातला शब्द, रोजमेळातला. दिवसअखेर रोकड आणि वही जुळली की मेळ बसला. म्हणजे सांगड घालणं ही कृती, मेळ बसणं हा तिचा परिणाम. अहवालात जिथे तपासणीचा भाग येतो, तिथे 'धोरण आणि प्रणाली यांचा मेळ बसतो का' असं बेलाशक लिहावं. 'ताळमेळ' माणसांसाठी आणि विभागांसाठी राखून ठेवावा.

आता उरलेले दोन शब्द. स्ट्रॅटेजीला 'व्यूहरचना' म्हटलं तर आर्किटेक्चरच्या 'रचने'शी टक्कर होते आणि वाक्यात रचनाच रचना होते. म्हणून 'धोरण'. ते पॉलिसीलाही वापरतात हे खरं, पण 'व्यवसायाचे धोरण' म्हटलं की घोटाळा होत नाही. आर्किटेक्चरला 'स्थापत्य' नको, वाचणाऱ्याला सिमेंट आठवतं. तेव्हा शीर्षक असं करा: 'संगणक-प्रणालींची रचना आणि व्यवसायाचे धोरण यांची सांगड'.

एक अडचण राहते. सांगडीपासून विशेषण होत नाही, 'सांगडलेली प्रणाली' कुणी म्हणत नाही. तिथे नवा शब्द घडवू नका. 'धोरणाला धरून असलेली प्रणाली' म्हणा. नियमाला धरून, परंपरेला धरून असं आपण रोज बोलतोच. आणि बैठकीत कुणी 'आपण सगळे अलाइन्ड आहोत ना?' असं विचारलं असेल, तर त्याचं मराठी 'आपलं एकमत आहे ना?' एवढंच.