पॅकेज बघू की काम, मॅडम?

मार्च उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची पोरं सल्ला विचारायला यायला लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच: दोन ऑफर आहेत, पॅकेज बघू की काम? त्यातल्या एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पोरगा मेकॅनिकलचा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. पुण्याच्या एका आयटी कंपनीचं साडेचार लाखांचं पॅकेज आलेलं, आणि इथल्याच शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, ट्रेनी इंजिनिअरची जागा, महिना 22 हजार हातात.

"पप्पा म्हणत्यात शिरोली. पण गल्लीत सगळी पॅकेजच विचारत्यात, मॅडम."

मी कागद ओढला. साडेचार लाखांतले 45 हजार व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटीचे नऊ-साडेनऊ हजार, तेही त्याच आकड्यात. मग त्याच्या वाट्याचा पीएफ महिना 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात येणार साधारण 29 हजार. त्यातून पुण्यातली कॉट आणि मेस. शिरोलीला जाऊन आईच्या हातचं खाल्लं तर उलट जास्तच उरत होते.

मला वाटलं, सुटलं गणित. पोराचा चेहरा मात्र उतरला.

म्हणजे अडलं होतं ते पैशावर नव्हतं. अशा वेळी मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गचा प्रश्न उसना घेते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामात कधी फार बरं वाटलं, कधी फार वाईट? 1959 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: वाईट आठवणींत कंपनीची धोरणं आणि साहेबाची वागणूक जास्त, चांगल्या आठवणींत स्वतः करून दाखवलेलं काम आणि त्याची घेतली गेलेली दखल. पुढे यावर टीकाही झाली. चांगलं घडलं की श्रेय आपलं, बिघडलं की खापर साहेबावर, हा माणसाचा स्वभावच, असं टीकाकार म्हणाले. मला पटतं ते. पण प्रश्न उपयोगी पडतो.

"चार वर्षांत जेवायचं भान राहिलं नाही, असं काय केलंस?"

फौंड्रीतलं कास्टिंगचं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले ओतीव भाग, नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम त्याने प्रोजेक्टसाठी लिहिला होता. कोणत्या साच्याला ब्लो होल (हवा अडकून पडलेली भोकं) जास्त येतात, ते त्यात दिसायचं. सांगताना गडी खुलला.

"फौंड्रीचे मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, शेवटी पोरगा कुणाचा!" मग खाली बघत म्हणाला, "शिरोलीत मी काय बी केलं तरी ते पप्पांच्याच खात्यावर जमा होणार."

खरं सांगायचं तर माझा कल शिरोलीकडे होता. मी स्वतः गाव सोडलं नाही, त्याचाही असेल. तो मी गिळला. पुण्याला फोन करून तीन गोष्टी विचारून घे म्हटलं: रुजू व्हायची तारीख नक्की आहे का, पहिल्या वर्षी कोणाच्या हाताखाली काय काम, आणि बॉन्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा. उत्तरं बरी आली. जूनमध्ये तो गेला.

परवा वडील आले, एकटेच. हाताला ग्रीसचा वास. बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसून मग म्हणाले, "मॅडम, त्याला माझा धंदा हलका वाटतो का?"

मी दार लावून घेतलं आणि चहा सांगितला.