सूडाला निघालेला पोरका

प्रश्न : रझाकारांच्या (निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या) धामधुमीत आईबाप गमावलेला सात वर्षांचा मुलगा मोठेपणी सूड घ्यायला निघतो, अशी एकांकिका लिहितोय. पात्र खोटं वाटतं. काय चुकतंय? (परभणी)

उत्तर : आठवण फार सलग दिलीत. एवढ्या लहान मुलाला प्रसंग अनेकदा तुकड्यांत आठवतो : जळत्या कडब्याचा वास, दारावरची लाथ. पुढे तोच वास आला की अंग ताठरतं, झोप उडते. लहानपणी तो तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळेल, हसू न येता.

सगळेच पोरके सूडाला निघत नाहीत, म्हणून कारण पेरा. ‘मी बळदात लपलो म्हणून वाचलो’ ही टोचणी, आणि दर पोळ्याला तीच कथा उगाळणारा चुलता. चुलत्याला जास्त संवाद द्या, नायकाला कमी.

तारखा सांभाळा. पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई, १३ ते १७ सप्टेंबर १९४८. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. तेव्हा तुमचा नायक सोळाचा. मग सुरी कोणावर? ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवरही हल्ले झाले, भारत सरकारने पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ते नोंदवलेत. त्याच वयाचा दुसरा पोरका समोर आणा आणि शेवटचं लांबलचक स्वगत काढून टाका.