आकडे नसताना कॉम्प्युटरला आजार कळतो का?

प्रश्न: रिपोर्ट हातात नसतानाही डॉक्टर बरोबर अंदाज बांधतात, कॉम्प्युटरला हे जमेल का हो?

उत्तर: बऱ्यापैकी जमतं, आणि हे आजचं नाही. अमेरिकेत कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बेंजामिन कायपर्स आणि डॉ. जेरोम कॅसिरर यांनी 1984 मध्ये नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार घेऊन डॉक्टर मनात कसा विचार करतात ते तपासलं, म्हणजे बघा, लघवीतून प्रोटीन जातं म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन घटतं, मग पाणी रक्तवाहिनीत टिकत नाही, बाहेर झिरपतं आणि पाय सुजतात. यात आकडा एकही नाही, फक्त वाढलं, घटलं, तेवढंच राहिलं! कायपर्स यांचा 1986 चा क्यूसिम प्रोग्राम असाच चालतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यात 'का' ते कळतं. पण दोन कारणं उलट दिशेला ओढत असतील तर हा प्रोग्राम सगळ्याच शक्यता पुढे ठेवतो, तिथे आकडे लागतातच, औषधाचा डोस तर नुसत्या अशा अंदाजावर ठरवूच नये.