सही करण्याआधी निवेदन पुन्हा वाचा

आदरणीय माई,

वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात चार वाड्या आणि एक मोहल्ला आहे. मी तीस वर्षे अंगणवाडी सेविका होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मोहल्ल्यातील मुस्लिम जमातीने एसटी थांब्याजवळच्या स्वतःच्या जागेत दुमजली सभागृह बांधायचे ठरवले आहे. खाली लग्नकार्यासाठी दालन आणि वर मुलामुलींची अभ्यासिका, शिवणवर्ग व नमाजासाठी एक खोली, असा त्याचा नकाशा आहे. गावात मात्र ‘मशीद होणार’, ‘दुबईचा पैसा आला’ अशी कुजबुज सुरू झाली. 1 मेच्या ग्रामसभेत विरोधाचे निवेदन द्यायचे असून माझे यजमानच सह्या गोळा करत आहेत. त्यात सात मुद्दे आहेत, असे ते सांगतात. ते वाचणारे गृहस्थ आहेत. ‘मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई आपल्याच भागातले, त्यांनाही हे पटले नसते,’ असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगा मुंबईहून मोबाइलवर मजकूर पाठवतो, ‘अमेरिकेतसुद्धा ग्राउंड झीरोवर, म्हणजे 2001 च्या हल्ल्यात न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले त्या जागी, मशीद होऊ दिली नाही.’ माझी सही तेवढी राहिली आहे.

माझी लहानपणची मैत्रीण मोहल्ल्यात राहते. दर वर्षी फणस पिकला की माझ्याकडचे सांदण तिच्याकडे जाते आणि ईदला तिच्याकडचा शीरखुर्मा माझ्याकडे येतो. हल्ली ती आमच्या पाखाडीने येत नाही, वरच्या रस्त्याने वळसा घालून जाते. आमच्या गावचे मुसलमान चांगलेच आहेत, पण उद्या बाहेरची माणसे येतील अशी भीती मलाही वाटते. सही करावी का? न केली तर घरात कसे राहावे? आणि मैत्रिणीला काय सांगावे?

– एक वाचक, दापोली तालुका

प्रिय भगिनी,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. निवेदनावरची सही घराची नसते, माणसाची असते. रेशनकार्ड एक असले तरी मतदार यादीत तुमचे नाव स्वतंत्र आहे, आणि त्या नावामुळेच तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य आहात. मजकूर पटत नसेल तर सही करू नका.

तो पटतो की नाही हे ठरवायला आधी तो वाचावा लागेल. तुमच्या पत्रावरून असे दिसते की ते सात मुद्दे तुम्ही यजमानांच्या तोंडून ऐकले आहेत, कागद हातात घेतलेला नाही. तो मागून घ्या, पडवीत बसून सावकाश वाचा आणि प्रत्येक मुद्द्यापाशी स्वतःला एकच प्रश्न विचारा: याच जागेवर आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप होणार असता, तर हा मुद्दा मी लिहिला असता का? लग्नाच्या गाड्या एसटी थांब्याजवळ कुठे उभ्या राहतील, पावसाळ्यात आवारातले पाणी कोणत्या व्हाळात जाईल, शौचकूप आणि शेजारच्या विहिरीत पुरेसे अंतर आहे का, हे प्रश्न कोणत्याही इमारतीबाबत विचारावेत असेच आहेत. कर्ण्याच्या आवाजाची चिंता हीदेखील रास्त चिंता आहे. त्याबाबत 2000 सालापासून देशभर नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे, सण-उत्सवांसाठी राज्य सरकार मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देऊ शकते, आणि निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मात्र हा नियम अजान, भजन, सत्यनारायणाची पूजा आणि वरातीचा डीजे यांत भेद करत नाही, याची आठवण निवेदन लिहिणाऱ्यांना करून द्यायला हरकत नाही.

असे मुद्दे बाजूला काढल्यावर जे उरतील, म्हणजे ‘गावाची ओळख बदलेल’, ‘त्यांची वस्ती वाढेल’, ‘आज सभागृह, उद्या आणखी काही’, त्यांचा रोख इमारतीवर नाही, बांधणाऱ्यांवर आहे. त्यांच्याखाली तुम्ही सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी संस्था स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 26 ने प्रत्येक धर्मसंप्रदायाला दिला आहे आणि त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा घातल्या आहेत. शेजाऱ्यांची नापसंती ही त्या मर्यादांपैकी नाही. जागेचा सातबारा, नकाशा, रस्ता, सांडपाणी, खाडीकाठ असल्यामुळे किनारा नियमन क्षेत्राची रेषा, हे सारे काटेकोरपणे तपासले जावे. बांधण्याचा हक्क ही मात्र हात वर करून मोजण्याची गोष्ट नव्हे.

आता दुबईच्या पैशाविषयी. कोकणी मुसलमानांच्या कित्येक घरांतला कर्ता पुरुष आखातात नाही तर मुंबईत राबतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंगणवाडीत मुलाचे नाव घालताना वडिलांचा पत्ता तुम्हीच लिहून घेतला असेल. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी तशी ठरते, आणि ती स्वीकारायला केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी लागते. जमातीला हिशेब विचारायचा असेल तर तो या शब्दांत विचारता येतो. पण आपल्या वाडीच्या देवळाचा जीर्णोद्धार कोणाच्या पैशाने झाला तेही आठवून पाहा. कोकणातल्या कितीतरी देवळांच्या फरशीवर मुंबईच्या मंडळांची नावे कोरलेली असतात. चाकरमान्याने पाठवले तर ती गावाची ओढ आणि आखातातून आले तर तो संशय, हा हिशेब मला जमत नाही.

मुलाने पाठवलेल्या मजकुराबद्दल चार ओळी जास्त लिहिते, कारण त्यात तुमच्याच गावची गोष्ट दडलेली आहे. 2010 साली न्यूयॉर्कमध्ये ज्या केंद्राचा प्रस्ताव होता ते ग्राउंड झीरोवर होणार नव्हते. तेथून दोन गल्ल्यांपलीकडे कपड्यांच्या दुकानाची एक जुनी इमारत होती, तिच्या जागी ते व्हायचे होते. तेरा मजल्यांच्या त्या आराखड्यात प्रेक्षागृह होते, पोहण्याचा तलाव होता आणि नमाजाची जागाही होती. विरोधकांनी त्याला ‘ग्राउंड झीरोवरची मशीद’ हे नाव दिले, आणि ज्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता अशा हजारो मैलांवरच्या माणसांनाही त्या नावाचा राग येऊ लागला. तिथल्या स्थानिक मंडळाने 29 विरुद्ध 1 मतांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला होता. जुनी इमारत वारसावास्तू ठरवून बांधकाम अडवण्याचा प्रयत्न झाला, तो संबंधित आयोगाने 9 विरुद्ध 0 मतांनी फेटाळला, आणि महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहीर भाषणात केंद्राच्या हक्काची बाजू घेतली. तेव्हा ‘होऊ दिली नाही’ हे खरे नव्हे. परवानगीच्या वाटेत कायदा आडवा आलाच नव्हता. ते केंद्र आखले होते तसे पुढे उभे राहिले नाही आणि त्या जागेवर आज श्रीमंतांच्या सदनिकांचा उंच मनोरा आहे. तुमच्या गावातही नकाशात सभागृह आहे आणि बोलण्यात मशीद आहे. नमाजाला एक खोली ठेवल्याने सभागृहाची मशीद होत असेल, तर सत्यनारायण घातला जातो त्या प्रत्येक सरकारी कचेरीला आपल्याला देऊळ म्हणावे लागेल.

यजमानांनी दलवाईंचे नाव घेतले, ते मला थोडे टोचले. चिपळूणजवळच्या मिरजोळीत 1932 साली जन्मलेल्या या माणसाने 1966 मध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला आणि तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठवला. पुढे 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्वकीयांवर त्यांनी कठोर टीका केली, हे खरे आहे. पण ती करताना त्यांच्या नजरेसमोर मोहल्ल्यातली बाई होती. तिच्याच मुलीला अभ्यासाला बसायला एक खोली मिळते आहे आणि ती मिळू नये म्हणून त्यांच्या नावाची साक्ष काढायची, हे वाचणाऱ्या गृहस्थांना शोभत नाही. (शिवरायांच्या आरमारातल्या दौलतखानाचे नाव इथे घेण्याचा मोह मी आवरला आहे. गावात सभागृह बांधायचे तर पूर्वजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी पराक्रम केलेला असावा, अशी अट आपण दुसऱ्या कोणाला घालत नाही.)

आता तुमच्या एका वाक्याविषयी लिहायला हवे. ‘आमच्या गावचे मुसलमान चांगलेच आहेत, पण.’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचले आहे, की प्रत्येक गावचे मुसलमान चांगले असून वाईट तेवढे नेहमी पुढच्या गावात राहतात, असे मला वाटू लागले आहे. पुढच्या गावात चौकशी करावी तर तेही हेच सांगतात. अशा रीतीने किनाऱ्याने खाली सरकत गेलो तर वाईट मुसलमान शेवटी समुद्रातच सापडायचे. रागावू नका. ही भीती तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, म्हणूनच तिच्याविषयी बोलता येते आहे. त्या सभागृहात बाहेरची माणसे येतील, हे खरेच आहे. निकाहाला दाभोळहून मामा येईल, मंडणगडहून आत्या येईल, मुंब्र्याहून चुलत भावंडे येतील आणि दुसऱ्या दिवशी वलीमा आटोपला की परत जातील. गणपतीत तुमच्या ओटीवर जी माणसे झोपलेली असतात, तीही बाहेरचीच असतात. तुम्ही तीस वर्षे मोहल्ल्यातली आणि वाडीतली मुले एकाच काट्यावर तोलली, एकाच रजिस्टरात त्यांची वजने लिहिली. ती माहिती तुमच्या स्वतःच्या हातची आहे. दुसरी माहिती गेल्या काही महिन्यांत मोबाइलवरून आली आहे. दोहोंपैकी कोणती तुम्ही स्वतः पडताळली आहे, एवढाच विचार करा.

घरचा प्रश्न त्या मानाने अवघड आहे, आणि त्यावर माझ्याकडे पक्का तोडगा नाही. यजमानांशी रात्री जेवताना बोलू नका, मुलाचा फोन चालू असताना मुळीच बोलू नका, आणि कृपा करून हे उत्तर त्यांना वाचून दाखवू नका. बायकोने मासिकातल्या बाईचे मत पुढे केले की शहाणा माणूसही हट्टाला पेटतो. सकाळी बागेत शिंपणे चालू असताना त्यांना विचारा, ‘तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?’ आणि मग त्यांना बोलू द्या. वर्गणीत पूर्वी कधी झालेला अपमान, मोहल्ल्यातल्या कोणाशी असलेला बांधाचा वाद, निवडणुकीत पडलेली मते, असे काहीतरी बऱ्याचदा धर्माच्या नावाखाली निघते. त्यांना ‘तुम्ही द्वेष्टे आहात’ म्हणू नका, कारण तुमच्या पत्रातून ते तसे दिसत नाहीत. एवढेच सांगा, की रस्ता, पाणी आणि आवाज यांचे मुद्दे वेगळ्या कागदावर लिहिलेत तर त्यावर माझी सही घ्या, या कागदावर मी करणार नाही. त्यानंतर काही दिवस घरात अबोला राहील. संसारात तुम्ही याहून मोठे अबोले काढले असतील.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते. या वेळी ती होते आहे का, हे ग्रामसेवकाला आठवडाभर आधी विचारा आणि तिथे बोला. सभागृहाचा नकाशा पंचायतीच्या फलकावर लावावा, एवढीच मागणी करा. जमातीनेही तो यापूर्वी लावला असता तर अफवांना एवढा वाव मिळाला नसता, हे मी त्यांच्यापैकी कोणी पत्र लिहिले तर त्यांनाही सांगेन. पण ‘अभ्यासिका आमच्याही मुलांना खुली ठेवा, मगच पाठिंबा देऊ’ असा सौदा तुम्ही करू नका. त्यांनी स्वतःहून खुली ठेवली तर आनंद आहे.

राहिली मैत्रीण. तिच्याकडे 1 मेच्या आधी जा, नंतर नको. ग्रामसभेचा निकाल लागल्यावर गेलात तर तुमच्या जाण्याचा अर्थ निकालावरून लावला जाईल. सह्यांच्या यादीत कोणाकोणाची नावे आहेत, हे मोहल्ल्यात एव्हाना सर्वांना ठाऊक असणार, म्हणून यजमानांची बाजू सावरत बसू नका. ‘यांची सही आहे, माझी नाही,’ एवढे सांगा. ‘तुझ्याबद्दल कोणाचे काही नाही गं’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. ज्या इमारतीत तिच्या नातीचा निकाह व्हायचा आहे तिला विरोध होत असताना आपल्याबद्दल कोणाचे काही नाही, हे तिने कसे मानावे? ती कदाचित विचारेल की यायला इतके दिवस का लागले. तेव्हा भीती वाटत होती, हे खरे उत्तर द्या आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्या. त्या एका भेटीने ती पुन्हा पाखाडी उतरू लागेल, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी आपली रीत आहे. या वेळी मात्र काही नेऊ नका. आपल्याकडे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत, आणि ते भरून पाठवायचे की नाही, या पेचात तिला आत्ताच टाकू नका. सांदणाला अजून अवकाश आहे. फणस पिकायचे आहेत.

– माई