कुणी कबूल करत नाही, मग पोलिसांचा वांशिक पूर्वग्रह मोजतात कसा?

प्रश्न : स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेनिफर एबरहार्ट अमेरिकेतल्या पोलीस आणि न्यायव्यवस्थेतल्या वांशिक पूर्वग्रहावर संशोधन करतात असं वाचलं. पण 'माझ्या मनात पूर्वग्रह आहे' असं कुठला पोलीस सांगेल? मग हे मोजतात कसं? आणि आपल्याकडे जातीबाबत असा अभ्यास करता येईल का?

उत्तर :

कबुली कुणी मागतच नाही. मागितली तरी उपयोग नाही, कारण स्वतःच्या मनातलं सगळं माणसाला ठाऊक असतंच असं नाही. त्याऐवजी विचारायचं ते इतकंच : बाकी सगळं तेच राहून फक्त वंश वेगळा असेल, तर निर्णय वेगळा पडतो का? हे 'बाकी सगळं तेच' कसं साधायचं, सगळी मेख तिथे आहे.

प्रयोगशाळेत ते त्यातल्या त्यात सोपं. एबरहार्ट आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या एका प्रयोगात गोऱ्या विद्यार्थ्यांसमोर पडद्यावर चेहरे चमकवले, तेही इतका कमी वेळ की चेहरा दिसला हेसुद्धा कळू नये. काहींना कृष्णवर्णीय चेहरे, काहींना गोरे, तिसऱ्या गटाला चेहराच नाही. मग एक अगदी धूसर चित्र ४१ टप्प्यांत हळूहळू स्पष्ट होत गेलं. वस्तू ओळखू आली की बटण दाबायचं. कृष्णवर्णीय चेहऱ्यांनंतर पिस्तूल, सुरी अशा वस्तू कमी टप्प्यांत ओळखू आल्या, गोऱ्या चेहऱ्यांनंतर जास्त टप्पे लागले. गुन्ह्याशी संबंध नसलेल्या वस्तूंत मात्र असा फरक पडला नाही. प्रयोगाचा जीव या शेवटच्या वाक्यात आहे. ते नसतं तर 'त्या गटाची नजरच तल्लख होती' म्हणून विषय संपवता आला असता.

अर्थात बटण दाबणं म्हणजे गोळी झाडणं नव्हे. म्हणून खऱ्या खटल्यांकडे जावं लागतं, आणि तिथे 'बाकी सगळं तेच' हातानं घडवता येत नाही. २००६ साली त्यांनी फिलाडेल्फियातले १९७९ ते १९९९ या काळातले देहदंडास पात्र खटले घेतले. त्यातल्या कृष्णवर्णीय आरोपींचे फोटो एकसारखे करून विद्यार्थ्यांना दाखवले. हे गुन्हेगार आहेत हे त्यांना सांगितलं नव्हतं. प्रत्येक चेहरा लोकांच्या मनातल्या ठराविक कृष्णवर्णीय चेहऱ्याशी किती जुळतो, याला १ ते ११ गुण द्यायचे. मग खुनाची तीव्रता, शिक्षा वाढवणारी आणि सौम्य करणारी कारणं, आरोपी आणि बळीची आर्थिक-सामाजिक स्थिती, आरोपीचं देखणेपण हे सगळं गणितात धरलं. बळी गोरा असलेल्या ४४ खटल्यांत, कमी गुण मिळालेल्या अर्ध्या आरोपींपैकी २४.४ टक्क्यांना देहदंड झाला, जास्त गुणवाल्यांपैकी ५७.५ टक्क्यांना.

४४ ही संख्या लहान आहे आणि शहर एकच. नुसत्या त्या टक्केवारीवर मी फार भार टाकणार नाही. पण बळीही कृष्णवर्णीय असलेल्या ११८ खटल्यांत हा फरक जवळपास नाहीसा होतो : ४५ आणि ४६.६ टक्के. म्हणजे मामला नुसता चेहऱ्याचा नाही, बळी कोण यावर चेहऱ्याचं वजन ठरतं. मला हा भाग जास्त पटतो.

आता ओकलंड, कॅलिफोर्निया. पोलिसांच्या गैरवर्तनाच्या दाव्यात २००३ साली झालेल्या समझोत्यापासून तिथलं पोलीस खातं न्यायालयाच्या देखरेखीखाली आलं. एबरहार्ट यांच्या चमूनं २०१३-१४ मधल्या १३ महिन्यांच्या २८,११९ नोंदी तपासल्या. प्रत्येक नोंद म्हणजे पोलिसांनी कुणाला तरी थांबवल्याचा फॉर्म. थांबवलेल्यांत ६० टक्के कृष्णवर्णीय होते, शहराच्या लोकसंख्येत २८ टक्के.

नवखा माणूस इथेच फसतो. ६० विरुद्ध २८ एवढ्यानं पूर्वग्रह सिद्ध होत नाही, कारण भागायचं कशानं हेच चुकलेलं असू शकतं. रस्त्यावर गाडी घेऊन असलेले लोक आणि जनगणनेतले लोक एक नव्हेत, आणि गस्तही सगळ्या वस्त्यांत सारखी नसते. यावर एक सुरेख युक्ती आहे : अंधार. घड्याळातली तीच वेळ घ्यायची, समजा संध्याकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात तेव्हा उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. चालकाचा वंश पाहून थांबवत असतील, तर उजेडात कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढायला हवं. गंमत म्हणजे २००६ साली ग्रॉगर आणि रिजवे या संशोधकांनी हीच कसोटी ओकलंडच्याच जुन्या नोंदींना लावली, आणि पूर्वग्रहाचा फारसा पुरावा मिळाला नाही! रस्त्यावरचे दिवे ही कसोटी बोथट करतात हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा, की ती फक्त 'थांबवायचं की नाही' एवढाच निर्णय तपासते. पुढे काय झालं, हे तिच्या कक्षेतच येत नाही.

म्हणून थांबवल्यानंतरचं बघा. अटकेचे प्रसंग वगळून, थांबवलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी चारात एकाला बेड्या घातल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांत पंधरात एकाला. इथे थांबवलेल्यांच्याच संख्येनं भागलेलं आहे, त्यामुळे वरचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

२०१७ चा बॉडी कॅमेऱ्यांचा (पोलिसांच्या अंगावर लावलेल्या कॅमेऱ्यांचा) अभ्यास याच वाटेनं पुढे जातो. एप्रिल २०१४ मधले ९८१ वाहन-थांबे, २४५ अधिकारी, १८३ तासांचं चित्रण. आधी संभाषणं शब्दशः उतरवली. त्यातली अधिकाऱ्यांची ४१४ वाक्यं चालकाचा वंश न सांगता लोकांना वाचायला दिली : किती आदरानं बोललेत? कशामुळे आदर वाटतो ते त्यावरून संगणकाला शिकवलं (माफी, आभार, 'सर-मॅडम', 'जपून चालवा' हे वरच्या पारड्यात, पहिल्या नावानं हाक मारणं, 'हात स्टिअरिंगवर ठेव' हे खालच्या), आणि मग ३६,००० हून जास्त वाक्यांतला आदर मोजला. गोऱ्या चालकांशी बोलणं अधिक आदराचं निघालं. अधिकाऱ्याचा वंश, नियमभंग किती गंभीर, जागा, शेवटी दंड की ताकीद, हे सगळं धरूनही फरक उरला. आणि तो संभाषणाच्या पहिल्या ५ टक्क्यांतच दिसतो, म्हणजे 'चालक उद्धट बोलला म्हणून' हे उत्तर पुरत नाही. अधिकारी स्वतः कृष्णवर्णीय असला म्हणून फरक मिटला असंही दिसलं नाही.

उपायाचं म्हणाल तर माझा प्रशिक्षणाच्या व्याख्यानांवर फार भरवसा नाही. ओकलंडमध्ये थांबवण्याच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला : या माणसाचा विशिष्ट गुन्ह्याशी संबंध जोडणारी ठोस माहिती तुमच्याकडे होती का, हो की नाही? २०१७ मध्ये सुमारे ३२,००० थांबे होते, २०१८ मध्ये सुमारे १९,०००. कृष्णवर्णीयांचे थांबे ४३ टक्क्यांनी घटले. ही आधी-नंतरची तुलना आहे, शेजारी दुसरं शहर धरलेलं नाही, तेव्हा सगळं श्रेय फॉर्मवरच्या त्या प्रश्नाला देऊ नका. पण हात क्षणभर अडला की सवय ढिली पडते, हे तर्काला धरून आहे.

आणि एक सावधगिरी. २०१४ मध्ये हेटी आणि एबरहार्ट यांनी गोऱ्या मतदारांना कैद्यांचे फोटो दाखवले. एका गटाला २५ टक्के कृष्णवर्णीय, दुसऱ्याला ४५ टक्के. मग कडक शिक्षेचा कायदा सौम्य करण्याच्या अर्जावर सही मागितली. पहिल्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी सही केली, दुसऱ्यात साधारण २७ टक्क्यांनी. तफावतीचे आकडे समोर ठेवले की लोक हेलावतील, ही समजूत उलटू शकते.

आपल्याकडे? जात चेहऱ्यावर दिसत नाही, आडनावात दिसते. त्यामुळे तीच फिर्याद, तेच कलम, फक्त आरोपीचं आडनाव वेगळं, असा कागदी प्रयोग पुण्यातल्या एखाद्या विधी महाविद्यालयातही उभा करता येईल. फक्त आडनावावरून गरिबीही गृहीत धरली जाते, म्हणून पगार आणि शिक्षण दोन्ही प्रतींत स्पष्ट लिहा. पारध्यांसारखे समाज घेतलेत तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं ओझं वेगळं धरावं लागेल; तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. रस्त्यावरच्या अभ्यासाची अडचण मोठी. तुरुंगातल्या कैद्यांची प्रवर्गवार आकडेवारी सरकार छापतं, पण ती वाटेच्या शेवटची. नाकाबंदीत किती जणांना थांबवलं, किती जणांना तसंच सोडलं, का सोडलं, याची थांब्यागणिक नोंद हाती असल्याशिवाय भागायचं कशानं हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो.