'वक्रच्छेद' म्हणजे नक्की कोणाचा छेद?

विचारणा अशी आहे: बीजीय भूमितीत प्रोजेक्टिव्ह व्हरायटींचं (बहुपदी समीकरणांनी ठरणाऱ्या आकृतींचं) वर्गीकरण 'ॲम्पल व्हेक्टर बंडल' आणि 'कर्व्ह सेक्शन' (आकृती कापून मिळणारा वक्र) यांच्या आधारे करतात. व्हेक्टर बंडल म्हणजे आकृतीच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश जोडून झालेली रचना; 'ॲम्पल' म्हणजे ती एका विशिष्ट अर्थाने 'धन' असणं. त्यावर मराठीत लिहिताना 'वक्रच्छेद' आणि 'विपुल' हे शब्द चालतील का?

'वक्रच्छेद' चालेल, पण विग्रह आधी सांगून टाका. 'शंकुच्छेद' आपल्या कानात बसलेला असतो. तिथे शंकूचा छेद, म्हणजे षष्ठी तत्पुरुष. त्याच चालीवर वाचक 'वक्राचा छेद' असं वाचणार. इथे मात्र कापली जाते ती मोठ्या मितीची आकृती आणि कापून हाती येतो तो वक्र. म्हणजे हा कर्मधारय: वक्र हाच छेद.

त्रिमितीय प्रक्षेपीय अवकाश (नेहमीचा अवकाश आणि त्याला जोडलेले अनंतावरचे बिंदू) घ्या. त्यात एक प्रतल आणि एक द्विघाती पृष्ठ सर्वसाधारण स्थितीत एकमेकांना छेदतात तो वक्र शंकुच्छेदच असतो! प्रतलाचं आणि पृष्ठाचं समीकरण मिळून जी जोडी होते, तीही एका ॲम्पल बंडलचा 'सेक्शन' म्हणवते, म्हणजे प्रत्येक बिंदूवरच्या सदिश अवकाशातून एकेक सदिश निवडते. या बंडलची कोटी (रँक, म्हणजे त्या प्रत्येक सदिश अवकाशाची मिती) दोन. ती जिथे शून्य होते तिथे आपला वक्र. आता दोन्ही 'सेक्शन'ना छेद म्हणाल तर 'छेद शून्य होतो' असं वाक्य लिहावं लागेल आणि अपूर्णांक शिकलेला प्रत्येक मराठी माणूस दचकेल. म्हणून बंडलचा तो 'सेक्शन'च ठेवावा, तो शून्य होतो त्या जागेला 'शून्यस्थान' म्हणावं आणि 'छेद' भौमितिक कापासाठी राखावा.

हा वक्र एवढा महत्त्वाचा का? गुळगुळीत आकृतीची मिती एन आणि ॲम्पल बंडलची कोटी एन वजा एक असली, की सेक्शनचं शून्यस्थान म्हणून मिळणारा छोटासा वक्र अख्ख्या आकृतीला बांधून ठेवतो. त्याचा जीनस (ढोबळमानाने, त्यातल्या 'भोकां'ची संख्या) शून्य निघाला तर मूळ आकृतीला फार थोडे पर्याय उरतात: प्रक्षेपीय अवकाश, द्विघाती पृष्ठ (कितीही मितीचं), नाहीतर प्रक्षेपीय रेषेच्या प्रत्येक बिंदूवर एकेक प्रक्षेपीय अवकाश उभा करून झालेली रचना. आंतोनिओ लांतेरी, हिदेतोशी माएदा या गणितज्ञांनी १९९०च्या दशकात या दिशेने बरंच काम केलं.

'ॲम्पल'साठी 'पुरेसा' सुचवलं जातं. मला ते पटत नाही, कारण 'पुरेसा' म्हटलं की 'कशाला?' हा प्रश्न येतोच. 'विपुल' बरा, शिवाय 'व्हेरी ॲम्पल'ला 'अतिविपुल' सहज होतो. रॉबिन हार्टशोर्न यांनी १९६६ साली ही कल्पना रेषा-बंडलांवरून (कोटी एक असलेल्या बंडलांवरून) सदिश-बंडलांवर, म्हणजे व्हेक्टर बंडलांवर, नेली. ज्या गुळगुळीत आकृतीचं स्पर्श-बंडल (प्रत्येक बिंदूवरच्या स्पर्शदिशांचं बंडल) विपुल ती प्रक्षेपीय अवकाशच, हा त्यांचा अंदाज शिगेफुमी मोरी यांनी १९७९ साली सिद्ध केला.

राहता राहिलं 'बंडल'. मराठीत बंडल मारतातही आणि सिनेमाही बंडल असतो, त्यामुळे 'विपुल बंडल' वाचून कोणी हसलं तर दोष वाचकाचा नाही. मी 'सदिश-गुच्छ' लिहीन.